पंपाचे स्पेअर मापावर की नंबरावर? नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

इचलकरंजीतल्या एका कापडाच्या प्रोसेस हाऊसचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे. लहानमोठे मिळून बावीस पंप. गेल्या वर्षापर्यंत आमची पद्धत एकच होती: पंप उघडायचा, खराब झालेला भाग पिशवीत टाकायचा आणि दुकानात जाऊन "असाच द्या" म्हणायचं. नऊ महिन्यांपूर्वी ते बंद केलं. महत्त्वाच्या सात पंपांना सिरियल नंबर देऊन कंपनीचा माल, बाकीच्यांना माप देऊन लोकल. दोन्हीबद्दल लिहितोय, कारण दोन्हीत मी एकेकदा तोंडावर आपटलोय.

पद्धत बदलली ती कॉस्टिकच्या पंपापायी. मर्सरायझिंगची (कापडाला चमक आणणाऱ्या प्रक्रियेची) लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी, तीही गरम. सील (फिरत्या शाफ्टभोवतून द्रव बाहेर येऊ न देणारा भाग) गळायला लागलं म्हणून दुकानात गेलो, तर व्हायटॉन रबराचं सील पुढ्यात आलं. "भारीतलं रबर आहे साहेब, कशालाही चालतंय." माप तंतोतंत, 35 मिलिमीटर. सतराव्या दिवशी ग्लँडखाली (सीलवरच्या झाकणाखाली) डबकं. सील काढलं तर ओ-रिंग कडक होऊन तडकलेली, नखानं दाबली की तुकडा हातात. आमच्या फिटर मामांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "माप बरोबर हाय की. रबर कॉस्टिकचं न्हवं." ईपीडीएम या दुसऱ्या रबराचं सील घातलं, ते आजपर्यंत कोरडं आहे. पण हेच ईपीडीएम थर्मिक ऑइलच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाच्या) पंपात घाला, फुगून वाट लागेल. दोन्ही रबरं काळ्या रंगात मिळतात, तेव्हा नुसत्या नजरेला फरक कळत नाही. तेव्हापासून आमच्या मागणीच्या चिठ्ठीवर पहिली ओळ मापाची नसते. आत काय वाहतं आणि किती गरम, ते आधी.

मापातही गंमत आहे. एका जुन्या परदेशी पंपाची स्लीव्ह (शाफ्टवर चढवलेली नळी, जिच्यावर सील बसतं) व्हर्निअरनं 34.9 भरली. मी बिनधास्त 35 लिहिणार होतो. झिजली असेल, दुसरं काय! पण सीटची (सीलच्या न फिरणाऱ्या भागाची) खाच मोजली तर ती 35 च्या कुठल्याच सीलला जमेना. मग ट्यूब पेटली: पंप इंचातला. एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच म्हणजे 34.925. स्लीव्हवर जिथं सील बसतं तिथं चर पडलेली असते, त्यामुळे तिथं मोजून उपयोग नाही. सील कधी पोचलंच नाही अशी बाजू शोधून तिथं मोजायचं, आणि खात्री सीटवरून करायची.

आता नंबरवाल्यांची गोष्ट. गरम पाण्याचा 50-200 साइजचा पंप, साडेसात किलोवॅटची मोटर. इम्पेलर (पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक) गंजून चाळण झालेला. सिरियल नंबर कळवला, कंपनीनं आठवडाभरात नवा पाठवला, बसवला, चालू केला. प्रेशर झकास! आणि वीस मिनिटांत मोटर ट्रिप. ॲमीटरवर आधी तेराच्या आत असणारा आकडा साडेसोळाला. चूक कंपनीची नव्हती. नंबरावरून त्यांना पंप कारखान्यातून निघाला तेव्हाचा इम्पेलर कळतो, 209 मिलिमीटर. आमच्याकडे कुणीतरी कधीकाळी तो लेथवर 192 पर्यंत उतरवला होता आणि कुठंच लिहून ठेवलं नव्हतं. ताकद व्यासाच्या घनाच्या हिशेबानं वाढते. 209 ला 192 नं भागा, घन करा, जवळपास 1.29 येतं. म्हणजे सुमारे तीस टक्के जादा भार. जुना इम्पेलर भंगारात गेला नव्हता म्हणून माप मिळालं, नवा उतरवून बॅलन्सिंग केलं आणि प्रकरण मिटलं. इम्पेलरवर ओतीव अक्षरात जो नंबर दिसतो तो पॅटर्नचा, म्हणजे ओतकामाच्या नमुन्याचा असतो, हेही तेव्हाच पक्कं झालं. एकाच ओतकामातून वेगवेगळ्या व्यासाचे इम्पेलर निघतात, तेव्हा तो नंबर सांगून मागणी करू नका.

लोकल मालाचं काय? स्लीव्ह, ग्लँडचे बुश, कपलिंगचे रबर यांत मला काही फरक जाणवला नाही आणि पैसे बरेच वाचले. कोल्हापूरच्या पट्ट्यात लेथवाले आणि फाउंड्रीवाले हाताच्या अंतरावर आहेत, त्याचा फायदा का सोडायचा? इम्पेलर मात्र मी लोकल घेणं सोडलं. आतल्या पाकळीचा वळसा व्हर्निअरनं मोजता येत नाही. आणि "चुंबक चिकटत नाही, म्हणजे 316" (गंज जास्त सोसणारं स्टेनलेस स्टील) हे ऐकून माल घेऊ नका. 304 या साध्या स्टेनलेसलाही ते चिकटत नाही, उलट 316 च्या ओतीव मालाला थोडं ओढलं जाऊ शकतं.

बेअरिंगला फारसं डोकं लागत नाही, नंबर त्यावरच असतो. फक्त शेवटचं सी-3 गाळून 6307 एवढंच लिहू नका. सी-3 म्हणजे बेअरिंगच्या आतली जास्तीची ढिलाई, गरम पाण्याच्या पंपाला ती लागते.

सध्या प्रत्येक पंपाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड आहे: नेमप्लेटचा फोटो, द्रव, तापमान, रबर, आत्ताचा इम्पेलर व्यास. एकवीस कार्डं पूर्ण झाली. बाविसाव्याची नेमप्लेट कुणीतरी हिरव्या रंगानं रंगवली होती. परवा मामांनी थिनरनं घासून काढली, तर सिरियलचा शेवटचा आकडा तीन आहे की आठ, यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही. दोन्ही नंबर कंपनीला कळवलेत.