टेबलावर उघडा राहील तोच अंक: रोल-प्लेइंग मासिकांची छपाई, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो, कारणं मागाहून. शनिवारच्या रोल-प्लेइंग खेळात (एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात) गेले काही महिने मी तीन प्रकारचे अंक आलटून पालटून वापरतोय: ए४ आकाराची जुनी मासिकं, मधोमध पिना मारलेली ए५ आकाराची पातळ झाइन्स (हौसेने स्वतःच काढलेले छोटे अंक), आणि ए५च, पण दोनशेच्या आसपास पानांचे, चौकोनी पाठीचे जाड अंक. वाचायला तिन्ही मजेदार. खेळ चालवताना मात्र हात झाइनकडेच जातो.

जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, पुढ्यात आधीच गर्दी असते. खेळाडूंपासून टिपणं लपवणारा पडदा, फासे, वह्या, चहाचे कप, शिवाय कुणीतरी आणलेला चिवडा. त्यात ए४ अंक उघडला की ४२ सेंटिमीटर रुंदीची जागा गेली. ए५ पूर्ण उघडला तरी एका ए४ कागदाएवढीच जागा खातो, आणि दुमडून एका हातात धरला तर तीही नाही.

हा छोटा आकार मुळातलाच आहे. १९७४ सालचं पहिलं डंजन्स अँड ड्रॅगन्स, या प्रकारातला मूळ खेळ, म्हणजे खोक्यातल्या तीन पुस्तिका, साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या. आपल्याकडच्या डेमीच्या जवळपास. मग या खेळांची मासिकं आली: १९७६मध्ये अमेरिकेत द ड्रॅगन आणि १९७७मध्ये इंग्लंडात व्हाइट ड्वार्फ सुरू झालं, आणि मासिकं मोठ्या पानाची झाली. दुकानात इतर मासिकांच्या रांगेत उठून दिसायचं आणि जाहिराती मिळवायच्या, तर मोठं पान सोयीचंच. ड्रॅगनची छापील आवृत्ती २००७मध्ये थांबली. लोकवर्गणी जमवणाऱ्या किकस्टार्टर या संकेतस्थळाने २०१९च्या फेब्रुवारीत झाइन क्वेस्ट हा झाइन्ससाठीचा उपक्रम सुरू केला तेव्हा चौकट ठरवून दिली ती ए५ किंवा अर्ध्या लेटरची (लेटर हा अमेरिकेतला नेहमीचा कागद), छपाई एकरंगी. काटकसरीपोटी आलेली ही अट खेळणाऱ्याच्या पथ्यावर पडली, असं माझं मत.

खरा फरक पडतो तो बांधणीने. सेंटर पिनचा अंक टेबलावर ठेवला की सपाट पडतो आणि तसाच राहतो. त्याची पानं चारच्या पटीत असावी लागतात, म्हणून शेवटी कधीकधी भरताड येतं, पण तेवढं चालतं. शिवाय मधलं जोडपान एकाच कागदाचं असतं, त्यामुळे नकाशा तिथे टाकला तर तो कुठेही न तुटता दिसतो. पिना सैल करून तो कागद बाहेर काढून खेळाडूंपुढे सरकवताही येतो. नकाशा मध्यावर नसलेलं झाइन हातात आलं की मला संपादकाने ते स्वतः चालवून पाहिलंय का, असा प्रश्न पडतो.

परफेक्ट बाइंडिंगच्या, म्हणजे डिंकाने चिकटवलेल्या चौकोनी पाठीच्या, अंकाचं उलट. माझ्याकडच्या एका जाड अंकात तळघराचा नकाशा दोन पानांवर पसरलाय आणि जिना नेमका मधल्या घडीत गडप झालाय. जोर लावून उघडावं तर डिंक तडकतो, न उघडावं तर पान आपोआप मिटतं आणि त्यावर फाशांची पिशवी ठेवावी लागते. हे अंक वाईट नाहीत. दिवाळी अंकासारखे उशाशी ठेवून महिनाभर चघळावेत असे लेख त्यांत असतात. पण त्यांतलं साहस (खेळायची तयार गोष्ट) चालवायचं ठरलं की मी लागणारी पानं आधी झेरॉक्स करून घेतो.

कागदाचं थोडक्यात: गुळगुळीत आर्ट पेपरवर वरच्या दिव्याचा उजेड चमकतो आणि पेन्सिल उमटत नाही. मला तर राक्षसाचे उरलेले हिट पॉइंट (तो अजून किती मार सोसेल तो आकडा) समासात लिहायची सवय. साधा, न चमकणारा मॅपलिथो कागद आणि बोटभर समास एवढं मिळालं तरी पुरे. पानभर जुन्या चर्मपत्राचा तपकिरी पोत आणि त्यावर तपकिरी अक्षरं, ही हौस कुणी आणि का सुरू केली कोण जाणे.

मांडणीत मी एकच गोष्ट बघतो: एका ठिकाणचा प्रसंग एका जोडपानात मावतो का. खोलीचं वर्णन, तिथल्या राक्षसाचे आकडे आणि नकाशाचा तेवढा तुकडा एकत्र दिसला तर खेळ थांबत नाही. जुन्या अंकांत आकडे अनेकदा चार पानं पुढे असायचे. मात्र डंजन्स अँड ड्रॅगन्सचे प्रकाशक टीएसआर यांच्या १९७८नंतरच्या साहसपुस्तिकांत एक नामी युक्ती होती. कव्हर सुटं, आतल्या बाजूला निळ्या शाईत नकाशा. ते उभं केलं की नकाशाही समोर आणि आडोसाही झाला.

परदेशातून अंक मागवायचा तर टपालखर्च कधीकधी अंकापेक्षा जास्त होतो, म्हणून बरीच झाइन्स मी पीडीएफ घेऊन पुण्यातच छापतो. त्यासाठी सुट्या पानांची फाइल हवी. जोडपानांचीच दिली असेल तर पुस्तिका छापताना पानं जुळत नाहीत. अर्धं लेटर म्हणजे साधारण १४० बाय २१६ मिलिमीटर. दोन पानं शेजारी ठेवली तर ए४वर रुंदीत मावतात, पण उंचीत सहा मिलिमीटर जास्त होतात. म्हणून ९७ टक्क्यांवर छापायला सांगा, आणि दोन्ही बाजूंची छपाई आखूड कडेवर पालटायला, नाहीतर मागचं पान उलटं येतं. पूर्ण काळी कव्हरं लेझर प्रिंटरवर काढू नका. घडीवर टोनर सोलवटतो आणि पांढरी रेघ उमटते.

आमच्या गटासाठी मी आता मराठीत तक्ते करून झाइनमध्ये खोचतो. तिथे वेगळीच पंचाईत. इंग्रजी नऊ पॉइंटात सुखाने वाचता येतं. देवनागरीला वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून अकरा पॉइंट आणि ओळींत मोकळी जागा लागते. वीस बाजूंच्या फाशाचा तक्ता ए५च्या एका पानात बसेना, आणि दुसऱ्या पानावर गेला की पान उलटावं लागतं. म्हणून सगळे तक्ते बारा बाजूंच्या फाशावर आणलेत. बिचारा तो फासा एरवी पिशवीतच पडून असायचा.