कार्डावर विश्वास न ठेवणारी बेळगावची रक्तपेढी

आत्याच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त लागणार होते, म्हणून खानापूरहून बेळगावातील एका रक्तपेढीत जावे लागले. रक्तगटाचे कार्ड दाखवले की पिशवी हातात पडते, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. येथे मात्र 'बी पॉझिटिव्ह' लिहिलेले कार्ड बाजूला ठेवून आत्याच्या ताज्या नमुन्याची नव्याने तपासणी झाली, आणि या रक्तपेढीची मोठी जमेची बाजू मला हीच वाटते.

तंत्रज्ञ ताईंनी काचपट्टीवर निळा अँटी-ए आणि पिवळा अँटी-बी द्रव घेऊन त्यांत रक्त मिसळले. पिवळ्या थेंबातले रक्त क्षणार्धात रवाळ झाले, निळ्यातले एकसारखे लाल राहिले, म्हणजे गट बी ठरला. एवढ्यावर न थांबता त्यांनी उलट तपासणीही केली, म्हणजे आत्याच्या रक्तद्रवात ए, बी आणि ओ गटाच्या माहितीतल्या पेशी घालून पाहिल्या. आपल्या पेशींवर ए किंवा बी यांपैकी जे प्रतिजन (पेशीवरची गटाची खूण) नसते त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे त्या खुणेच्या पेशींवर हल्ला करणारी रक्तातली प्रथिने, तान्हेपणीच तयार होऊ लागतात, त्यासाठी आधी कधी रक्त चढवलेले असावे लागत नाही. म्हणूनच चुकीच्या गटाची पहिलीच पिशवीही जिवावर बेतू शकते. ओ पेशी कशासाठी, असे विचारल्यावर ताईंनी बॉम्बे रक्तगटाचे नाव घेतले. १९५२ साली मुंबईत प्रथम नोंदवलेल्या या गटात ओ पेशींवरही असणारे एच प्रतिजनच नसते, त्यामुळे साध्या तपासणीत तो ओ म्हणून खपून जातो, पण त्यातली अँटी-एच प्रतिपिंडे ओ रक्तालाही सोडत नाहीत.

अर्जात बाळंतपणे किती झाली, पूर्वी रक्त घेतले होते का, हेही विचारतात. रांगेतल्या काहींना ही नसती चौकशी वाटली, परंतु अँटी-डीसारखी (पॉझिटिव्ह रक्तातल्या डी प्रतिजनाविरुद्धची) प्रतिपिंडे गर्भारपणातून किंवा रक्त चढवल्यानंतरच निर्माण होत असल्यामुळे हा प्रश्न अगदी रास्त आहे.

क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का याची तपासणी, होईपर्यंत तासाभराहून अधिक वेळ गेला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अर्जाबद्दल. तो केवळ कन्नड आणि इंग्रजीत असून, खानापूर-निपाणीकडून येणाऱ्या वयस्कर माणसांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. बसायला खुर्च्याही अपुऱ्या आहेत.

शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल, तर डॉक्टरांना सांगून रुग्णाचा नमुना आदल्या दिवशीच येथे पोहोचवावा.