फ्लॅशकार्डांचा संच: चित्रं सुरेख, शब्द मात्र चुकीच्या बाजूला

मी मोठ्या माणसांना जर्मन शिकवते, अगदी पहिल्या धड्यापासून. नामांच्या फ्लॅशकार्डांचा हा संच दोन बॅचना वापरून झाला, तेव्हा आता ठामपणे लिहिता येतंय. प्रकाशकाचं नाव घेत नाही, कारण याच घडणीचे संच बरेच जण काढतात. कुठलाही घेताना मी सांगतेय ते तपासून बघता येईल.

आधी मनापासून आवडलेलं. प्रत्येक पत्त्याला नामाआधी लागणाऱ्या आर्टिकलप्रमाणे रंगीत किनार आहे: पुल्लिंगी डेर निळा, स्त्रीलिंगी डी लाल, नपुंसकलिंगी डास हिरवा. मराठी बोलणाऱ्यांना या किनारीचा फार उपयोग होतो. आपल्याकडे तो-ती-ते आहेच, त्यामुळे तीन लिंगं म्हटल्यावर कुणी घाबरत नाही. घोटाळा पुढे होतो. मराठीतलं लिंग जसंच्या तसं जर्मन शब्दाला चिकटतं. आपलं दार ते, पण जर्मनमध्ये डी ट्युअर. आपली खिडकी ती, तिथे डास फेन्स्टर. टेबल ते, तिथे डेर टिश. मधेच कात्री निघते, ती इथेही ती आणि तिथेही डी, आणि मग पुन्हा वाटायला लागतं की सगळं जुळतंय. लाल किनारीतलं दार पुरेशा वेळा हातातून गेलं की 'डास ट्युअर' म्हणताना जीभ आपोआप अडखळते. फळ्यावर याद्या लिहून मला हे कधी साधलं नव्हतं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. शब्द चित्राच्या खालीच छापलाय. मागच्या बाजूला नुसती नक्षी. त्यामुळे पत्ता दाखवला की विद्यार्थी चित्र बघतच नाही, सरळ वाचतो. पहिल्या दिवशी सगळे इतके पटापट बोलत होते की मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी पर्समधून घराची किल्ली काढून विचारलं, हे काय? अख्खा वर्ग गप्प. आदल्या दिवशी 'श्ल्युसेल' प्रत्येकाने चार-पाचदा तरी म्हटला होता. पण तो वाचला होता, आठवला नव्हता. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग मला तेव्हा आठवला. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर बघितलं तर ज्यांनी पुन्हा वाचण्याऐवजी आठवून लिहिलं होतं त्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं.

मग स्टिकी नोटच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक शब्दावर एक एक लावली. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. लॅमिनेशन चांगलं आहे, पट्टी काढताना छपाई निघत नाही. तेच लॅमिनेशन उजेडात इतकं चमकतं की मागच्या बाकावरच्यांना चित्र दिसत नाही, म्हणून पत्ता घेऊन वर्गभर फिरावं लागतं.

सोबतच्या पुस्तिकेत खेळ दिलेत, त्यांचा दर्जा एकसारखा नाही. भिंतीवर पत्ते लावायचे, शिक्षकाने शब्द म्हणायचा आणि दोघांनी धावत जाऊन त्यावर थाप मारायची, हा खेळ वर्गाला जाग आणतो. पण शब्द मी म्हणते, त्यांना फक्त ऐकावं लागतं, आणि चपळ असलेले तेच दोघं-तिघं जिंकत राहतात. नव्या शब्दांचा कान तयार करायला दहा मिनिटं ठीक. उलटे पत्ते मांडून जोड्या शोधण्याच्या खेळात तर पत्ता कुठे आहे एवढंच लक्षात ठेवावं लागतं, शब्दाची गरजच पडत नाही. उलटलेल्या प्रत्येक पत्त्याचं नाव डेर-डी-डाससकट म्हणायचं, नाहीतर पाळी गेली, हा नियम मी घातला तेव्हा कुठे तो कामाचा झाला.

या संचातला एक खेळ मात्र लाखमोलाचा आहे: मागण्याचा खेळ. प्रत्येक चित्राचे दोन पत्ते आहेत. प्रत्येकाला पाच पत्ते वाटायचे आणि आपल्या पत्त्याची जोडी शेजाऱ्याकडे पूर्ण वाक्यात मागायची. पट्ट्या लावलेल्या असल्यामुळे शब्द आठवावाच लागतो. पहिल्या बॅचमधली एक विद्यार्थिनी तोवर वर्गात एकही वाक्य बोलली नव्हती. तिने विचारलं, "हास्ट डू आइन श्ल्युसेल?" तुझ्याकडे किल्ली आहे का? समोरच्याच्या हातात किल्ली होती, तरी तो पत्ता देईना. रूप चुकलं तर पत्ता द्यायचा नाही, असं ठरलं होतं. तिने हातातल्या पत्त्याकडे बघितलं. निळी किनार. दोन क्षण ओठ हलले आणि मग मोठ्याने, "आइनेन! हास्ट डू आइनेन श्ल्युसेल?" पत्ता मिळाला. पुढच्याच मिनिटाला तिने मला विचारलं, मॅडम, निळ्यालाच का बदलतं, लाल-हिरव्याला का नाही? कर्माच्या विभक्तीत एकवचनी पुल्लिंगी आर्टिकलच बदलतं, हा धडा मी एरवी तक्ता काढून शिकवते आणि तो कुणी मागत नाही. त्या दिवशी त्यांनी तो मागून घेतला.

पत्ते विषयवार लावलेत, आणि मी सुरुवातीला तसेच वापरले, ही माझी चूक झाली. वारांचे सात पत्ते एकाच तासाला काढले. डीन्सटाग मंगळवार, डोनर्सटाग गुरुवार, दोन्ही 'ड'चे. महिनाभर लोक मंगळवारचा गृहपाठ गुरुवारी आणत होते. अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकवले की शिकणं अवघड जातं, असं टिंकम यांना १९९३ च्या अभ्यासात आढळलं होतं. दुसऱ्या बॅचला मी मंगळवार आधी दिला आणि गुरुवार तीन आठवड्यांनी, खिडकी आणि चष्म्याच्या सोबत. घोळ जवळजवळ संपला.

डब्यातली पाच खणांची ट्रे पुस्तिकेत निव्वळ पत्ते ठेवायची जागा म्हणून आलीय, हे मला खटकलं. सेबास्टियान लाइट्नर यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत नेमकी अशाच खणांची आहे: आठवलेला पत्ता पुढच्या खणात, चुकलेला थेट पहिल्यात, आणि खण जितका पुढचा तितकी उजळणी विरळ. आम्ही तासाची शेवटची दहा मिनिटं त्यालाच देतो. वर्गाचा मिळून एकच डबा असतो, म्हणून घरासाठी विद्यार्थ्यांनी पुठ्ठ्याचे आपापले पत्ते केले, शब्द अर्थातच मागच्या बाजूला.

नव्या आवृत्तीत प्रकाशकाने तेवढं करावं, आणि शब्दाखाली अनेकवचनही द्यावं. डास बुख म्हणजे पुस्तक, त्याचं अनेकवचन डी ब्युशर, हे रूप नुसतं बघून कुणाला सुचणार? एकट्याने घरी शिकणाऱ्याने हा संच घेऊ नये, त्यातलं उत्तम ते समोर दुसरा माणूस असल्याशिवाय हाती लागत नाही. शिक्षकांनी मात्र जरूर घ्यावा. तिसऱ्या बॅचला मी हाच नेणार आहे, पट्ट्या लावून तयार आहेत.