रात्री पळायला काय घ्यावं: हेडलॅम्प, कंबरेचा लाइट की रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या?

आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंनी परवा विचारलं की ऑफिसातून यायलाच आठ वाजतात, मग रात्रीच पळणं होतं, तर लाइट कुठला घेऊ? मी नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला रात्रीच पळते आणि हे तिन्ही वापरून झालंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक बघा, तुम्हाला रस्ता दिसायला हवाय की तुम्ही गाडीवाल्याला दिसायला हव्यात? पाम बीच रोडवर खांबांवरचे दिवे असतात, रस्ता बऱ्यापैकी दिसतो, पण गाड्या सुसाट येतात. ताशी 60 ने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे येते, म्हणजे तुम्ही त्याला जितक्या लांबून दिसाल तितकं बरं. सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर उलटं, गाड्या हळू पण झाडांमुळे दिव्याचा उजेड खाली पोचतच नाही.

हेडलॅम्पचा फायदा म्हणजे मान वळवाल तिकडे उजेड. पण तो डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे वस्तूची सावली तिच्याच मागे लपते आणि खड्डा, उंचवटा सगळं सपाट दिसतं. मी हेडलॅम्प लावूनच एका उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकला अडखळून पडले होते, ब्लॉक समोर दिसत होता, पण तो दोन बोटं वर आलाय हे कळलंच नाही. शिवाय समोरून कोणी आलं की आपण तोंडाकडे बघतो आणि उजेड थेट त्यांच्या डोळ्यात जातो, आणि पावसात तर डोळ्यासमोरचे थेंबच चमकतात, पुढचं काही दिसत नाही.

कंबरेच्या लाइटचा उजेड खालून जातो म्हणून छोट्या दगडाचीसुद्धा लांब सावली पडते, खड्डा लगेच कळतो. मान वळवली तरी उजेड समोरच राहतो हा तोटा आहे, पण सपाट रस्त्यावर त्याने फार अडत नाही. छातीवरचा पण चांगला, फक्त पट्टा सैल असला की उजेड इतका नाचतो की डोकं दुखतं. 200 ल्युमेन (म्हणजे उजेडाचं माप) पुरतात, पावसाळ्यासाठी निदान आयपीएक्स 4 हे पाण्यापासून बचावाचं रेटिंग बघा, ते शिंतोड्यांना चालतं.

रिफ्लेक्टिव्हचं लोकांना नीट माहीत नसतं. त्याला स्वतःचा उजेड नसतो, जिकडून उजेड येतो तिकडेच तो परत पाठवतं, त्यामुळे हेडलाइट बंद ठेवून येणाऱ्या बाइकवाल्याला तुम्ही दिसणारच नाही. आणि नुसतं निऑन टीशर्ट दिवसा भडक दिसतं ते उन्हातल्या अतिनील किरणांमुळे, रात्री त्याचा उपयोग नाही. मी एकदा नवऱ्याला स्कूटरवर लांब उभं केलं, हेडलाइट चालू, आणि त्याच्याकडे पळत गेले. तो म्हणाला, जॅकेट दिसलं पण तो बोर्ड आहे की माणूस ते कळलं नाही, घोट्याच्या पट्ट्या वरखाली हलताना दिसल्या तेव्हा लगेच समजलं की कोणीतरी पळतंय.

म्हणून माझं मत, आधी घोट्याच्या पट्ट्या घ्या, त्या स्वस्त पण असतात, मग कंबरेचा लाइट आणि तोही मागे लाल ब्लिंकर असलेला. आपण उजव्या कडेने, समोरच्या गाड्या बघत पळायचं हे खरं, पण आपल्याकडे राँग साइडने पाठून येणारे बाइकवाले काही कमी नाहीत, लाल दिवा त्यांच्यासाठी. हेडलॅम्प शेवटी, खारघरच्या टेकडीवर पहाटे अंधारात वगैरे जाणार असाल तरच. ठाण्यातल्यांनी येऊरला मात्र रात्री जाऊच नका, लाइट कितीही भारी असो, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबटे असतात.

बटण सेलवाले क्लिप लाइट मी सोडून दिले, ते हळूहळू मंद होत जातात आणि पाठीवर असल्यामुळे आपल्याला कळत नाही. चार्जिंगवाला घ्या आणि घरी आल्या आल्या मोबाईलसोबत चार्जिंगला लावा.