जास्त मायनस नंबरच्या डोळ्यांसाठी ओसीटी अँजिओग्राफी : सोयीची, पण एकटी पुरेशी नाही

उणे 6 किंवा त्याहून अधिक नंबर असलेला डोळा बहुधा मागच्या बाजूने लांबलेला असतो. त्यामुळे आतला पडदा ताणून पातळ होतो आणि त्याखालच्या थराला तडे गेले, की तेथून नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या वर शिरू शकतात. त्या गळू लागल्या, की दाराची सरळ चौकट मध्येच वाकलेली दिसते किंवा वाचताना ओळीतले नेमके समोरचे अक्षर गायब होते. माझ्या उजव्या डोळ्याला हा त्रास सुरू झाल्यावर पुण्यातील एका नेत्ररुग्णालयात ओसीटी अँजिओग्राफी (प्रकाशकिरणांनी पडद्याचे छेद टिपणाऱ्या ओसीटी यंत्रावर रक्तवाहिन्या पाहणे) आणि फ्लुरेसिन अँजिओग्राफी (शिरेत फ्लुरेसिन हे रंगद्रव्य सोडून त्या पाहणे) अशा दोन्ही तपासण्या झाल्या. जाड भिंगांचा चष्मा वापरणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा, म्हणून त्यांविषयी लिहीत आहे.

ओसीटी अँजिओग्राफीत सुई टोचावी लागत नाही. हनुवटी टेकवून समोरच्या खुणेकडे पाहत राहायचे. यंत्र एकाच जागेचे छेद पाठोपाठ घेते आणि त्यांच्यात जेथे फरक पडला तेथे रक्त वाहते आहे, असे धरून रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार करते. पडद्याच्या बाहेरच्या थरांत निरोगी माणसाला रक्तवाहिन्या नसतातच, त्यामुळे तेथे जाळे दिसले, की संशय बळावतो. माझ्या डोळ्यातले ते बारीक, गुंतलेले जाळे डॉक्टरांनी संगणकावर मोठे करून दाखवले, तेव्हा आजार म्हणजे नेमके काय हे मला प्रथमच नीट उमगले. तपासणी काही मिनिटांत आटोपते, हवी तितक्या वेळा करता येते, आणि गरोदर स्त्रियांना किंवा रंगद्रव्याची ॲलर्जी असलेल्यांना तर तिचा मोठाच आधार आहे.

तरीही ही तपासणी आमच्याच डोळ्यांत अधिक अडखळते. मागचा भाग फुगून खोलगट झालेला असला, की संगणक थरांच्या सीमा चुकीच्या आखतो. मग शेजारच्या थरातली निरोगी वाहिनी रोगट भासते किंवा खरी रोगट वाहिनी नजरेतून निसटते. मधली दृष्टी अधू झाल्याने खुणेवर नजर ठरत नाही, आणि डोळा हलला, की चित्रात आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात. माझी पहिली प्रतिमा याच कारणाने बाद करून पुन्हा घ्यावी लागली. तंत्रज्ञ ताईंनी ते न कंटाळता केले, हे आवर्जून नोंदवतो. सर्वांत मोठी उणीव म्हणजे वाहिनी गळते आहे की नाही, हे या चित्रात कळत नाही. डोळ्यात इंजेक्शने घेतल्यानंतर आजार शांत झाला, तरी जाळे बहुतेकदा दिसतच राहते.

गळती दाखवते ती फ्लुरेसिन अँजिओग्राफी. इंडियाना विद्यापीठातील नोव्होटनी आणि अल्व्हिस या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी 1961 मध्ये मांडलेली ही पद्धत निदानासाठी आजही प्रमाण मानली जाते, आणि मायोपियात, म्हणजे मायनस नंबरच्या डोळ्यांत, ते विशेष खरे आहे, कारण येथे पडद्यात पाणी फार साचत नाही व साध्या ओसीटीत आजार कधी कधी सौम्य वाटतो. दंडाला पट्टा बांधून शिरेत पिवळे रंगद्रव्य सोडले, की काही क्षण मळमळते, त्वचा पिवळसर दिसते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लघवीला गडद रंग येतो; क्वचित तीव्र ॲलर्जीही होते, म्हणून आधीच्या ॲलर्जींची माहिती न लपवता द्यावी. पडद्याखाली नुसत्या तड्यामुळे रक्त आले असेल, तर ते बहुधा आपोआप विरते आणि इंजेक्शन लागत नाही. हा फरक ठरवताना या दोन्ही तपासण्यांबरोबर कधी तडे स्पष्ट दाखवणारी आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन या दुसऱ्या रंगद्रव्याची) अँजिओग्राफीही करावी लागते.

पहिल्या निदानाच्या वेळी डॉक्टरांनी रंगद्रव्याची तपासणी सांगितली, तर सुईच्या भीतीने ती टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या देखरेखीसाठी मात्र ओसीटी आणि तिची अँजिओग्राफी मला अधिक पसंत आहे. अहवाल घेताना केवळ रक्तवाहिन्यांच्या नकाशावर समाधान मानू नये, आडव्या छेदांच्या प्रतीही मागून घ्याव्यात. थरांच्या रेषा बरोबर आखल्या आहेत की नाहीत, हे दुसऱ्या डॉक्टरांना त्यांवरूनच पडताळता येते.