गोव्यात जुनं ओमेगा घेताना: डीलर आणि घड्याळजी, दोघांनाही तपासा

घड्याळ: ओमेगा कॉन्स्टेलेशन ‘पाय-पॅन’ (उलट्या पाय-डिशसारखी, कडेला पैलू पाडून उतरती तबकडी), रेफरन्स म्हणजे मॉडेल नंबर 168.005, साठच्या दशकातलं, आत 561 नंबरचं ऑटोमॅटिक मशीन. घड्याळाला पूर्ण गुण. गोव्यातल्या बाजाराला मात्र हात राखूनच.

गोव्यात असा माल फिरतो याचं नवल नाही. पोर्तुगीज काळात परदेशी वस्तू इथे सहज मिळायच्या, पुढे तारवटी (जहाजांवर नोकरी करणारे) आणि आखातात नोकरीला गेलेल्यांनी घड्याळं आणली. त्यामुळे ‘आजोबांचं आहे, एकाच घरात राहिलंय’ ही विक्रेत्याची गोष्ट खरीही असू शकते. पण घर एकच असलं तरी मशीन, तबकडी आणि केस एकाच घड्याळाची असतील असं नाही. गोष्टीला पैसे देऊ नका, मागचं झाकण उघडायला सांगा. ‘उघडलं तर सील जाईल’ म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा. साठ वर्षांचं रबर तसंही बदलायचंच असतं.

झाकण निघालं की आधी मशीनवरची अक्षरं वाचा. 561 हे क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेची चाचणी पास झालेलं मशीन, म्हणून त्यावर पाच पोझिशन आणि तापमानाला ॲडजस्ट केल्याचं कोरलेलं हवं. ओमेगाच्याच सीमास्टर मालिकेतलं 562 दिसायला जवळपास तसंच, ज्वेल (आतले माणिक) 24च, तारखेची सोयही तशीच. पण ते क्रोनोमीटर नाही. कॉन्स्टेलेशनच्या केसमध्ये 562 बसवून पूर्ण किमतीला विकणं ही जुनी चलाखी आहे. मशीनचा सीरियल नंबर दोन कोटींच्या आसपास असेल तर साल साधारण 1963. विक्रेता 1958 सांगत असेल तर गोष्ट तिथेच संपली.

मग झाकणाची आतली बाजू उजेडात तिरकी धरा. गोल गोल ओरखडे दिसले तर रोटरची (हात हलला की फिरून चावी देणाऱ्या वजनाची) धुरी झिजलीय आणि रोटर झाकणाला घासतोय. या मालिकेचा हा नेहमीचा आजार. दुरुस्त होतो, पण भाव पाडायला हक्काचं कारण.

सगळ्यात जास्त फसवणूक तबकडीत. आपल्याकडे रिडायल, म्हणजे जुनी तबकडी पुन्हा रंगवणं, हे ‘नवं करून देणं’ समजतात, आणि विक्रेत्याला त्यात काही गैर वाटत नाही. दहापट भिंगातून मिनिटांच्या रेघा तासाच्या पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर येतात का पाहा. बारीक अक्षरं पसरलेली, शाई जाड, पैलूंच्या कडा बोथट झालेल्या असतील तर रंग पुन्हा चढलाय. थोडी डागाळलेली अस्सल तबकडी चकचकीत रिडायलपेक्षा कधीही बरी. काचेच्या मधोमध आतून अगदी बारीक ओमेगाचं चिन्ह असतं. नसेल तर काच बदललेली आहे, तो गुन्हा नव्हे. चावी, म्हणजे बाजूची फिरवायची गुंडी, दहा पैलूंची असते. गोल चावी म्हणजे नंतर घातलेली.

टाइमग्राफरचा (टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा, म्हणजे आतलं बॅलन्स चाक किती अंश झुलतं ते, दाखवला म्हणून हुरळून जाऊ नका. या मशीनचा लिफ्ट अँगल (झोका मोजण्यासाठी यंत्रात भरायचा कोन) 49 अंश. यंत्र 52 वरच ठेवलं तर खरे 254 अंश असताना पडद्यावर 270 दिसतात. पूर्ण चावी दिल्यावर, तबकडी वर ठेवून 250च्या पुढे आणि उभं धरल्यावर 220च्या खाली नाही, एवढं मिळालं तर ठीक.

कागदांवर आणि मोठ्या नावावरही विसंबू नका. 2021मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचंच एक स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. ते वेगवेगळे भाग जोडून केलेलं निघालं, आणि घेणारी होती खुद्द ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी!

आता घड्याळजी. पणजी, मडगाव, म्हापशात हात चांगला असलेले जुने लोक अजून आहेत. अडचण पद्धतीत आहे. मशीन न खोलता पेट्रोलमध्ये बुचकळून काढणं आणि एकाच बाटलीतलं तेल सगळीकडे घालणं याला सर्व्हिसिंग म्हणत नाहीत. विचारून पाहा: पॅलेटच्या दगडांना (टिकटिक करणाऱ्या भागाच्या टोकांवरच्या माणकांना) वेगळं तेल लावता का? ऑटोमॅटिकच्या बॅरलच्या, म्हणजे मेनस्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) ठेवायच्या डबीच्या, भिंतीला ब्रेकिंग ग्रीस लावता का? ते नसेल तर मेनस्प्रिंग लवकर घसरते आणि पन्नासेक तास चालायचं घड्याळ रात्रीतच थांबतं. उत्तर अडखळलं तर घड्याळ ठेवू नका. आणि तपासणी डीलरच्याच घड्याळजीकडे करून घेऊ नका, दोघांचा हिशेब एकच असतो.

कंपनीच्या सेंटरला पाठवणार असाल तर पावतीवरच लिहून घ्या: पॉलिश नको, तबकडी आणि काटे बदलायचे नाहीत, बदललेले भाग परत हवेत. पॉलिशने गेलेल्या कडा परत येत नाहीत.

बिलावर रेफरन्स, मशीनचा नंबर, सीरियल, तबकडी मूळ की रिडायल आणि परतीची मुदत हवी. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं विक्रेत्याला कायद्याने बंद आहे, तेव्हा ‘कॅश दिली तर कमी करतो’ ऐकलं की सावध व्हा.

शेवटचं गोव्यापुरतं. चावीचं रबर कडक झालं की दमट हवा तिथूनच शिरते आणि आधी गंजतो तो चावीचा दांडा. तो ओढून तांबूस भुकटी दिसते का बघा. दिसली तर पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा. जून ते सप्टेंबर हे घड्याळ हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा आणि समुद्रावर तर कोणत्याच महिन्यात नेऊ नका.