अमळनेरला भाड्याने घेतलेला दवाखान्याचा पलंग

नानांना लकवा मारला. जळगावहून सुटी देताना डॉक्टरांनी सांगितलं, घरी साधी खाट नको, फाउलर बेड लागेल, म्हणजे पाठ नि गुडघा वर करता येतो तो दवाखान्याचा पलंग. अमळनेरमधूनच भाड्याने आणला. महिन्याला ३००० रुपये, अनामत ५०००. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही आहेत.

पलंग दणकट. पायथ्याशी दोन हँडल. एकाने पाठीकडचा भाग वर येतो, दुसऱ्याने गुडघ्याकडचा. आधी गुडघा उचलायचा, मग पाठ. उलटं केलं की माणूस घसरतो. पलंग जोडणाऱ्या पोरानं हे सांगितलंच नाही, पहिल्याच जेवणाला नाना खिचडीसकट पायथ्याला आले! शेवटी नंदुरबारच्या ताईनं दाखवलं, ती नर्स आहे.

दादा सुरतेहून आलेला, बापू गावातच. वावराच्या वाटणीपासून तीन वर्षं दोघांचं बोलणं बंद. पण हँडल इतकी खेटून की दोघं बसले तर खांद्याला खांदा लागतो. "गुडघा." "झाला." "आता पाठ." चार दिवस एवढंच. मी आणि ताई स्वयंपाकघरातून कान देऊन.

एक हँडल आत सरकत नव्हतं, दादाची नडगी दोनदा सोलली. फोन केल्यावर माणूस दोन दिवसांनी उगवला. सोबतची हवेची गादी चांगली, पाठीला जखम झाली नाही. अर्थात दर दोन तासांनी कूस बदलावी लागतेच, नुसत्या गादीच्या भरवशावर राहू नका. वीज गेली की हवा उतरते, म्हणून गादीत हवा भरणारी मोटर इन्व्हर्टरवर घ्या. मे महिन्यात आमच्याकडे वीज किती जाते ते काय सांगायचं!

ही मोटर रात्रभर घुरघुरते. पाचव्या रात्री नाना बोबड्या आवाजात ओरडले, "मोटर बंद करा रे, पानी वाया जाई रायनं!" दादा नि बापू दोघं ताडकन उठले. विहिरीवर जायला निघाल्यासारखे. बापूनं भिंतीवरचं रिकामं बटण वाजवलं नि म्हणाला, "करी टाकी, नाना." दादा तोंडात टॉवेल कोंबून हसत होता.

दुसऱ्या महिन्याचं भाडं दोघांनी एकमेकांना न सांगता भरलं. दुकानदारानं स्वतः फोन करून कळवलं, जास्तीचे ३००० पुढच्या महिन्यात धरले. पाचातले चार तारे त्यासाठी. एक कापला तो नडगीचा.